डावी बाजू

बाबांच्या ताटात चटणी पहिल्यांदा कधी उरली, ते आईला सांगता येत नाही. दिवाळी होऊन गेली होती एवढं तिला आठवतं. २०२२ ची दिवाळी. आमच्याकडे ताट वाढायची पद्धत जुनी. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे; भाजी, आमटी उजवीकडे. बाबा उजवीकडचं सगळं चाटूनपुसून जेवायचे आणि डावीकडचं जसंच्या तसं ठेवून उठायचे. आईला वाटलं, तिखट सोसत नसेल. तिने मिरची कमी केली. मग शेंगदाण्याची करून बघितली, मग जवसाची. डिसेंबरात तिने वैतागून चटणी वाढणंच बंद केलं, तर बाबांनी चकार शब्द काढला नाही. चटणीशिवाय ज्यांच्या घशाखाली घास उतरत नसे, त्या माणसाने.

बाबा ठाण्यातल्या एका शाळेत चित्रकला शिकवायचे. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला मुलं बसवायची, गॅदरिंगचे पडदे रंगवायचे आणि शाळा भरायच्या आधी दर्शनी फळ्यावर सुविचार आणि दिनविशेष लिहायचा. पाचपाखाडीतून ते सव्वासहालाच स्कूटर काढत, कारण फळा कोरडा आणि एकटा मिळायला हवा. दिनविशेषाच्या त्यांच्याकडे तीन जाड वह्या होत्या. तारीखवार पानं, त्यावर कात्रणं, जयंत्या, पुण्यतिथ्या, शोध, लढाया. त्यात दरवर्षी भर पडे.

त्याच सुमारास फळ्याची डावी बाजू कोरी राहायला लागली. अक्षर तेच, वळणदार, पण सगळा मजकूर उजव्या अर्ध्यात दाटीवाटीने बसलेला. आधी सगळ्यांना ती नवी मांडणी वाटली. मग शिक्षकखोलीत चेष्टा सुरू झाली, अर्धा पगार अर्धा फळा. मग बाबांनी चित्रकलेच्या वह्या तपासल्या, त्यात डाव्या पानावरची चित्रं तपासलीच नव्हती. पालकांनी तक्रार केली आणि बाबांना लेखी समज मिळाली. चौतीस वर्षांच्या नोकरीतली पहिली. तो कागद त्यांनी घडी घालून पाकिटात ठेवला होता, आम्हाला नंतर सापडला.

चष्म्याचा नंबर दोनदा बदलला. स्कूटरचा डावा आरसा गोखले रोडवर उभ्या रिक्षेला लागून फुटला. तेव्हा मी काय म्हणाले ते मला शब्द न् शब्द आठवतंय: "बाबा, जरा डोळे उघडे ठेवून चालवत जा."

संक्रांतीच्या आदल्या दिवशी त्यांचा डावा हात आपोआप झटके द्यायला लागला आणि ते खुर्चीवरून खाली आले. रात्रीच एमआरआय झाला. मेंदूच्या उजव्या भागात, मागच्या वरच्या बाजूला गाठ. डॉक्टरांनी कागदावर गोल काढला, त्यात उभी रेघ मारली आणि समजावलं. डोळ्यांना सगळं दिसतंय, पण डावीकडे काही आहे ह्याची दखलच मेंदू घेत नाही. त्यांना डावी बाजू दिसत नाही असं नाही, त्यांच्या लेखी ती नाहीच. म्हणून ते तक्रारही करत नाहीत. जे नाहीच त्याची तक्रार कोण करणार?

आई तेव्हा एकच वाक्य बोलली. "म्हणजे चटणी."

उपचाराचं लांबण लावत नाही. ज्यांच्या घरात हा आजार आला त्यांना तो पाठ असतो, बाकीच्यांना वाचायला सोसणार नाही. शस्त्रक्रियेत जेवढी काढता आली तेवढी गाठ काढली. तपासणीत ग्लायोब्लास्टोमा निघाला, मेंदूचा झपाट्याने वाढणारा कर्करोग, श्रेणी चौथी. चेहऱ्याच्या मापाचा जाळीचा मुखवटा करून आठवड्याला पाच दिवस, सहा आठवडे, ३० वेळा रेडिएशन, सोबत टेमोझोलोमाइड ह्या केमोच्या गोळ्या. ह्या जोडउपचाराचा मोठा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नुसत्या रेडिएशनच्या रुग्णांपैकी निम्मे साधारण १२ महिन्यांहून जास्त जगले होते, गोळ्यांची जोड दिलेल्यांपैकी निम्मे साधारण साडेचौदा महिन्यांहून जास्त. म्हणजे मधला फरक अडीच महिन्यांचा. उपचार आजही मुख्यतः तोच.

त्यातली एक गोष्ट मात्र सांगायला हवी, कारण ती पुढे लागणार आहे. व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीने ताटाच्या डाव्या कडेला लाल चिकटपट्टी लावायला सांगितली. वर्तमानपत्राच्या डाव्या कडेलाही. "काका, लाल दिसेपर्यंत मान वळवायची, मग सुरुवात करायची." बाबा शहाण्या मुलासारखे मान वळवत, लाल शोधत, आणि मग अचानक म्हणत, "अरे! चटणी आहे की." दर जेवणाला. दर वेळी नव्याने.

८ जून २०२३ ला आम्ही तपासणीसाठी रुग्णालयात होतो. गुरुवार होता. भिंतीवर एक इंग्रजी फलक लावलेला. बाबांनी मोठ्याने वाचला, "ट्यूमर डे." मी म्हटलं, मान वळवा. त्यांनी वळवली. "वर्ल्ड ब्रेन." मग थोडा वेळ गप्प बसून म्हणाले, "हा आपल्या वहीत नाही."

नव्हताच. मी घरी येऊन बघितलं. ८ जूनचं पान कोरं होतं. मे महिना आणि जूनचा पहिला पंधरवडा, सगळीच पानं कोरी. शाळाच नसते तर फळा कोण लिहिणार? "शाळा उघडली की लिहीन, मागच्या तारखेने," असं ते म्हणाले. शाळा १५ जूनला उघडली, पण ते परत गेले नाहीत. मार्च २०२४ च्या पहिल्या आठवड्यात ते गेले.

हे सगळं सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. नाहीतर एका पतसंस्थेत खातेवह्या सांभाळणारी बाई सव्वा वर्ष एका सरकारी कार्यालयाच्या पायऱ्या का झिजवते, असंच वाटेल. माझ्या नवऱ्यालाही तसंच वाटत होतं.

एप्रिलमध्ये मी अर्ज लिहिला. तीन पानी. आमच्या भागातल्या आरोग्याच्या एका सरकारी कार्यालयाने ८ जून हा दिवस अधिकृतपणे पाळावा, सर्व दवाखान्यांत फलक लावावेत, इमारतीवर करड्या रंगाची रोषणाई करावी (ह्या आजाराच्या फितीचा रंग करडा), शाळांमध्ये व्याख्यानं ठेवावीत, वगैरे. कार्यालयाचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या कुणी माझं वाईट केलं नाही, आणि जे झालं ते कुठल्याही कार्यालयात झालं असतं.

आवक खिडकीवर शिक्का मारून पोच मिळाली. खिडकीतल्या बाईंनी विषय वाचला आणि सरळ म्हणाल्या, "आचारसंहिता आहे." लोकसभेची. १६ मार्चला लागलेली, ठाण्याचं मतदान २० मे ला, निकाल ४ जूनला. आचारसंहिता ६ जूनला उठली. मध्ये एक दिवस उरला आणि ८ जून आला. तोही शनिवारी, म्हणजे पाच दिवसांच्या आठवड्यात कार्यालय बंद.

जूनअखेर गेले तर अर्ज शिक्षणाकडे वर्ग झालेला. 'शाळांमध्ये व्याख्याने' हे दोन शब्द कुणीतरी लाल पेनाने अधोरेखित केले होते. तिथल्या साहेबांनी सांगितलं, "मॅडम, आठ जूनला शाळा बंद असतात." मला हसू आलं. बाबांच्या वहीने हे मला आधीच सांगितलं होतं, मी ऐकलं नव्हतं. अर्ज पुन्हा आरोग्याकडे गेला, म्हणजे गेला असं मला सांगण्यात आलं. मध्ये 'आपले सरकार'वर तक्रार टाकून बघितली. धोरणात्मक बाब असल्याचं दोन ओळींचं उत्तर आलं.

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक काका आहेत, मंत्रालयातून कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झालेले. सकाळी तलावपाळीला तीन फेऱ्या आणि मग पेपर. मी त्यांना माझा तीन पानी अर्ज दाखवला. त्यांनी तो वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "तुला नक्की काय हवंय? सुट्टी, जीआर, परिपत्रक, का फळा?"

मला प्रश्नच कळला नाही.

मग त्यांनी शिडी समजावली. वरच्या पायरीवर संयुक्त राष्ट्रसंघ. तिथे ८ जून आधीच गेलेला आहे, समुद्राला. २००८ मध्ये आमसभेने ठराव करून ८ जून हा महासागर दिन ठरवला. त्याखाली जागतिक आरोग्य संघटना. तिच्या अधिकृत दिवसांत २४ मार्च क्षयरोगाचा, २५ एप्रिल हिवतापाचा, २८ जुलै काविळीचा. मेंदूच्या गाठीचा त्यात नाही. मग ८ जून आला कुठून? जर्मनीतून. लाइपझिगच्या एका रुग्णसाहाय्य संस्थेने तो २००० साली सुरू केला, आणि मग देशोदेशीच्या डॉक्टरांनी नि रुग्णगटांनी उचलला. सरकारांनी नव्हे. (ही माहिती मी शोधून दिली, शिडी काकांची.) त्याखाली दिल्ली. तिथे ७ नोव्हेंबर, राष्ट्रीय कर्करोग जागरूकता दिन, २०१४ पासून, मारी क्यूरींच्या जन्मदिवशी. त्याखाली राज्य. सामान्य प्रशासन विभाग दरवर्षी परिपत्रक काढतो, कुठल्या जयंत्या आणि कुठले राष्ट्रीय दिन कार्यालयांत साजरे करायचे. शिवाय सुटे शासन निर्णय असतात. २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन २०१३ च्या शासन निर्णयाने आला, १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन २०१५ मध्ये.

"आता बघ," काका म्हणाले, "सत्तावीस फेब्रुवारीमागे कुसुमाग्रज आहेत. पंधरा ऑक्टोबरमागे कलाम आहेत. दिवसामागे एक तर मोठा माणूस लागतो, नाहीतर विभाग लागतो. तुझ्यामागे कोण आहे?"

मी म्हटलं, चित्रकलेचे शिक्षक.

अमेरिकेतही तेच आहे, असं नंतर माझ्या लक्षात आलं. सिनेटर जॉन मॅकेन ऑगस्ट २०१८ मध्ये ग्लायोब्लास्टोमाने गेले, आणि २०१९ मध्ये तिथल्या सिनेटने जुलैतला तिसरा बुधवार ग्लायोब्लास्टोमा जागरूकता दिन म्हणून ठरवला. तोही कायदा नव्हे, ठराव, तो पुन्हा पुन्हा करावा लागतो. हे काकांना सांगितलं तेव्हा ते खूश झाले. "म्हणजे सिनेटलाही पाठपुरावा लागतो!"

त्यांनी माझा अर्ज एका पानावर आणला. रोषणाई गेली, शाळा गेल्या, कविता गेली (हो, होती एक). मागणी एकच: कार्यालयाच्या वार्षिक दिनविशेष यादीत ८ जूनचा समावेश करून त्या दिवशी आशा सेविकांचं एक सत्र घ्यावं. खाली एक ओळ: 'सदर बाबीकरिता खर्च निरंक.' काका म्हणाले, ही ओळ फाईल हलवते. आणि त्यांचं म्हणणं खरं ठरलं, पण सहा महिन्यांनी. कारण १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली.

मधल्या काळात नावाचा घोळ झाला. तो मला सगळ्यात जास्त आवडला. टेबलावरच्या लिपिक बाईंनी 'ब्रेन ट्यूमर' खोडून 'मेंदूचा कर्करोग' केलं. कामकाज मराठीत हवं, म्हणाल्या, आणि ते बरोबरच. पण मी अडून बसले. मेंदूतली प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. मेनिंजिओमासारख्या बहुतेक गाठी साध्या असतात, काढल्या की माणूस वर्षानुवर्षं नीट जगतो. फलकावर 'कर्करोग' लिहिलं तर तशी गाठ असलेला माणूस वाचूनच निम्मा खचेल. बाई म्हणाल्या, "मग अर्बुद लिहू. कोशात आहे." मी म्हटलं, आम्ही पतसंस्थेत अर्बुद म्हणजे दहा कोटी समजतो. त्यांनी पलीकडच्या टेबलावर विचारलं, "अर्बुद म्हणजे काय हो?" तिकडून उत्तर आलं, "डोंगर ना? माउंट अबू." बाई हसत सुटल्या आणि मग आम्ही दोघींनी बसून 'जागतिक मेंदू-ट्यूमर जनजागृती दिन' ठरवलं. 'मेंदूतील गाठ' मला जास्त आवडलं असतं, पण ओळीत बसेना. खरं तर त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, की हे होईल. शब्दावर भांडणारं माणूस भेटलं की काम अर्धं होतं.

तरी जानेवारी २०२५ पर्यंत कागद कुठे आहे ते कुणी सांगेना. टेबल म्हणे साहेबांकडे आहे, साहेबांचा शिपाई म्हणे टेबलाकडे आहे. शेवटी मी माहितीचा अधिकार वापरला. जोडपत्र 'अ', दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, विषय एकच आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. हा नियम कुणी केला त्याचे मी आभार मानते, नाहीतर मी परत तीन पानं लिहिली असती. तीस दिवसांची मुदत संपायला दोन दिवस असताना पत्र आलं: ११ पानं आहेत, पानाला दोन रुपये, २२ रुपये भरा.

ती ११ पानं मी घरी आणून स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरली. टिपणी वाचण्यात एक गंमत असते. आपल्याबद्दल चार अनोळखी माणसं एकमेकांशी काय बोलतात ते ऐकल्यासारखं. 'अभिप्राय घ्यावेत.' 'चर्चा करावी.' 'कर्करोगाचे दिन ४ फेब्रुवारी व ७ नोव्हेंबर रोजी पाळले जातात, स्वतंत्र दिनाची आवश्यकता तपासावी.' आणि नवव्या पानावर वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या हाताने लिहिलेलं: 'सदर आजारास ज्ञात प्रतिबंध नाही. चाळणी चाचणी उपलब्ध नाही. जनजागृतीचा नेमका उद्देश अर्जदाराने स्पष्ट करावा.'

मला इतका राग आला की मी ते पान उलटं करून ठेवलं. ज्याचा बाप गेला त्याला उद्देश विचारतात?

रात्री परत वाचलं. तर प्रश्न रास्त होता. तोंडाच्या कर्करोगाचं सांगताना तंबाखू सोडा असं सांगता येतं. स्तनाच्या गाठीसाठी मॅमोग्राफी आहे, गर्भाशयमुखासाठी लस आहे. मेंदूच्या गाठीबद्दल लोकांना काय सांगायचं? काही करू नका? घाबरा? मी तीन पानांत करडी रोषणाई मागितली होती, पण ती बघून माणसाने घरी जाऊन काय करायचं, हे एका ओळीतही नव्हतं.

फेब्रुवारीत त्या वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या भेटीची वेळ मिळाली. मी दोन गोष्टी नेल्या. फळ्याचा एक फोटो, डिसेंबर २०२२ चा, बाबांच्या एका विद्यार्थ्याने काढलेला. आणि ती लेखी समज.

डॉक्टरांनी फोटो हातात घेतला, क्षणभर बघितला आणि म्हणाले, "उजवा पॅरायटल." मेंदूचा तोच उजवा, मागचा वरचा भाग, आणि तेही मी काही सांगितलेलं नसताना. मग ते समज वाचत बसले. तिच्यावरची तारीख बघितली. एमआरआय कधी झाला विचारलं. मी सांगितलं, पुढे पाच आठवड्यांनी. मी चटणीचंही सांगितलं.

"लवकर कळलं असतं तर वाचले असते असं मी म्हणणार नाही," ते म्हणाले. "ह्या प्रकारात दोन-तीन महिन्यांनी शेवट फारसा बदलत नाही."

"मला माहितीय," मी म्हटलं. "पण ते दोन-तीन महिने त्यांना सगळ्यांनी कामचुकार ठरवलं. मीसुद्धा. तेवढं तरी टळलं असतं."

ते काही बोलले नाहीत. पाणी प्यायले. मग पेन काढून एका कोऱ्या कागदावर लिहायला लागले, आणि ते मला न विचारताच. मोठ्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा फिट. पहाटे उठल्या उठल्या डोकं दुखणं आणि उलटी, दिवसेंदिवस वाढत जाणारं. एका बाजूचा हात-पाय ढिला पडणं. बोलताना शब्द न सापडणं. स्वभाव एकाएकी पालटणं. मग थांबून त्यांनी पाचव्या ओळीखाली लिहिलं: एका बाजूकडे दुर्लक्ष होणं, ताट, फळा, कंगवा, गाडी. "आणि हे ठळक लिहायचं," ते म्हणाले, "की नुसती डोकेदुखी म्हणजे ट्यूमर नव्हे. नाहीतर उद्या अर्धं ठाणं एमआरआयच्या रांगेत."

मार्चमध्ये पत्र निघालं. एक पान, जावक क्रमांकासह. 'दिनविशेष यादीत समावेश करण्यास मान्यता देण्यात येत आहे.' मी ते काकांना दाखवलं. त्यांनी सही आधी बघितली, मजकूर नंतर. "प्रतिलिपी कुणाकुणाला आहे बघ. तिथे खरं पत्र असतं," म्हणाले. प्रतिलिपीत सहा आरोग्य केंद्रं होती.

आणि मग मी कॅलेंडर बघितलं. ८ जून २०२५, रविवार.

शनिवारी बकरी ईदची सुट्टी. शुक्रवारी ६ जून, म्हणजे शिवराज्याभिषेक दिन, सभागृह आधीच दिलेलं. उरला सोमवार, ९ जून, सकाळी ११. मी पतसंस्थेत रजा टाकली. ताट, वाट्या, लाल चिकटपट्टी, सगळं पिशवीत भरलं. आईने शेंगदाण्याची चटणी करून डब्यात दिली.

साडेनऊच्या सुमारास मोबाईलवर बातम्या यायला लागल्या. मुंब्र्याच्या वळणावर लोकलमधून माणसं पडली होती. दोन गर्दीच्या गाड्या एकमेकींना घासून जाताना दाराशी लटकलेली माणसं. माझी आतेबहीण दिव्याहून येते, तिला तीन वेळा फोन लावला, चौथ्यांदा लागला. दहा वाजून गेल्यावर लिपिक बाईंचा फोन आला. आवाज वेगळाच होता. "ताई, आज नको. सगळे हॉस्पिटलला गेलेत." मी म्हटलं, अहो, नकोच. त्या दिवशी चारजण गेल्याची बातमी आली. चटणी आम्ही दुपारी घरीच संपवली. आईने टीव्ही बंद करायला लावला.

सत्र झालं १८ जूनला, बुधवारी, एका आरोग्य केंद्राच्या वरच्या मजल्यावर. बाहेर पाऊस धो धो. २३ आशा सेविका, ओल्या छत्र्या दाराशी, पंखा एकच आणि तोही कुरकुरणारा. फलक छापलेला नव्हता, खर्च निरंक होता ना. खडूने फळ्यावर लिहिलं होतं, आणि ते मीच लिहिलं, कारण बाकी कुणी तयार होईना. बाबांच्या अक्षराची सर नाही. पण डावीकडून सुरुवात केली.

डॉक्टर दहा मिनिटं बोलले, सोपं बोलले. डोकेदुखीचं ठळक वाक्य दोनदा सांगितलं. मग मी टेबलावर ताट मांडलं. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे बटाट्याची भाजी. काही न सांगता विचारलं, "ह्या ताटात जेवून उठलेला माणूस डावीकडचं सगळं ठेवून गेला. तुम्ही काय म्हणाल?"

"आवडलं नसेल." "बीपी असेल, मीठ बंद असेल." "बायकोशी भांडला असेल!" खसखस पिकली. एक जण म्हणाली, "उष्टं टाकतो म्हणून ओरडू." मी म्हटलं, आम्ही तेच केलं. मग चटणीची, फळ्याची, आरशाची गोष्ट सांगितली, आणि डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवून दाखवली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एक बाई ताटाजवळ येऊन पट्टीवरून बोट फिरवून गेल्या.

प्रश्न विचारा म्हटल्यावर मला वाटलं होतं, बरं होतं का, खर्च किती, असं काहीतरी येईल. मागच्या रांगेतल्या एका वयस्कर सेविकेने रजिस्टर उघडून वर धरलं. "हे विचारायचं ते कळलं. पण लिहायचं कुठे? ताप आहे, खोकला आहे, बीपी, साखर, गरोदर, लसीकरण. ह्याला रकाना नाही."

डॉक्टरांनी लिपिक बाईंकडे बघितलं. बाईंनी रजिस्टर हातात घेऊन रकाने मोजले. सगळ्यात उजवीकडे एक अरुंद रकाना होता, 'शेरा'. "ह्यात लिहा," त्या म्हणाल्या, "सध्या."

सेविकेने पेनाचं टोपण दातात धरलं आणि त्या बोटभर रकान्यात तीन ओळी करून लिहिलं: 'ताटाची डावी बाजू विचारणे.'